पॅप्रिका आणि आपले तिखट



हंगेरीची पॅप्रिका म्हणजे शेवटी आपली मिरचीच ना, मग तिचे एवढे कौतुक कशाला, असे परवा एका नातलगाने फोनवर विचारले. प्रश्न साधा होता, पण उत्तर काही दोन वाक्यांत देता येईना. तेव्हा म्हटले, लिहूनच काढावे. लेख थोडा लांबला आहे. चहा घेऊन बसा!

आधी सरळ उत्तर. हो, ती मिरचीच. वनस्पतीशास्त्राच्या हिशेबाने हंगेरीची पॅप्रिका, कर्नाटकातली ब्याडगी, आपली संकेश्वरी आणि भाजीची ढोबळी मिरची या सगळ्या एकाच जातीच्या, कॅप्सिकम अ‍ॅन्युअम या कुळातल्या बहिणी. कोणी रंगाने उजळ, कोणी स्वभावाने तिखट, एवढाच फरक. पण उत्तर इथे संपत नाही. कारण या बहिणी मुळात ना हंगेरीच्या, ना आपल्या. दोन्हीकडे त्या बाहेरून आल्या, आणि दोन्हीकडे आज त्यांच्यावाचून चूल पेटत नाही. एका परक्या रोपाला दोन देशांनी 'आपले' कसे केले, ही गोष्ट मला त्या पॅप्रिकाच्या डब्याहून जास्त मोलाची वाटते.

आता नावापासून सुरुवात करते. मराठीची विद्यार्थिनी असल्यामुळे शब्द दिसला की त्याचे मूळ खणून पाहिल्याशिवाय मला राहवत नाही.

आपल्याकडे संस्कृतात मरीच म्हणजे मिरी आणि पिप्पली म्हणजे पिंपळी. तिखटपणासाठी आपल्या पूर्वजांकडे मुख्यतः या दोन वस्तू होत्या, जोडीला आले, सुंठ आणि मोहरी. यातली पिप्पली व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेला गेली. ग्रीकांनी तिला पेपेरी म्हटले, रोमनांनी पिपेर. पुढे तेच नाव गोल मिरीलाही चिकटले. लॅटिन पिपेरवरून इंग्रजीत पेपर आला आणि स्लाव भाषांत पापर. त्या पापरला लाडाचा प्रत्यय लावून सर्ब आणि क्रोएशियन लोकांनी पॅप्रिका केले, आणि तिथून ते हंगेरियन भाषेत शिरले. म्हणजे 'पॅप्रिका' या परदेशी वाटणाऱ्या शब्दाची खापरपणजी आपली पिंपळी!

आणि आपली मिरची? ती तर उघडच मिरीची लेक. कोकणीत आणि मालवणीत मिरसांग, हिंदीत मिर्च, गुजरातीत मरचां. कानडीत मेणसू म्हणजे मिरी आणि मेणसिनकाई म्हणजे मिरची, शब्दशः 'मिरीचे फळ'. तमिळमध्येही तसेच, मिळगू आणि मिळगाय. नव्या वस्तूला जवळच्या जुन्या वस्तूचे नाव द्यायचे, ही माणसाची सवय जगभर सारखीच. गंमत अशी की भारतात पिकणाऱ्या दोन जुन्या मसाल्यांची नावे, मरीच आणि पिप्पली, एका अमेरिकन रोपावर जाऊन बसली. एक नाव आपल्याकडे राहिले, दुसरे हंगेरीत गेले.

अमेरिकन म्हणजे आजची अमेरिका नव्हे हो. मेक्सिको आणि दक्षिण अमेरिका. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी मिरची लागवडीखाली आणली. 'चिली' हा शब्दही मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतला. १४९२ मध्ये कोलंबस निघाला तो हिंदुस्थानची मिरी शोधायला आणि पोचला कॅरिबियन बेटांवर. तिथे त्याला मिरी मिळाली नाही, मिळाली ती ही लाल शेंग. मिरीसारखी झोंबते म्हणून स्पॅनिश लोकांनी तिलाही मिरीचेच नाव थोडे फिरवून दिले. पुढे १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला. १५०० साली काब्रालचा पोर्तुगीज ताफा कालिकतला निघाला असताना वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि तिथून पुढे त्याच वर्षी हिंदुस्थानात पोचला. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेले. ब्राझील, लिस्बन, आफ्रिका आणि गोवा अशी एकाच राज्याच्या जहाजांची ये-जा सुरू झाली आणि त्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली.

शाळेत मी वर्षानुवर्षे हा धडा शिकवला. कोलंबस, वास्को द गामा, मसाल्याचा व्यापार, युरोपीयांचे आगमन. सनावळ्या मुले पाठ करीत. पण ज्या मिरीसाठी ही सगळी धावपळ झाली तिची जागा पुढे रोजच्या स्वयंपाकात जिने घेतली, ती मिरची पुस्तकात कुठेच नसे. मी वर्गात विचारी, 'शिवाजी महाराजांच्या तीनशे वर्षे आधी आपल्याकडे आमटीत काय घालत असतील?' सगळा वर्ग एका सुरात म्हणे, 'मिरची!' मग तो तास रंगायचा.

खरोखर काय घालत असतील? बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात खाद्यपदार्थांचे सविस्तर वर्णन आहे. मिरी, आले, हिंग, मोहरी, सगळे आहे. मिरची नाही, असणारच कशी? त्याहून नवलाचे म्हणजे १५९० च्या सुमारास लिहिलेल्या 'ऐन-ए-अकबरी'त बादशाही मुदपाकखान्यातल्या जिनसांची आणि त्यांच्या भावांची मोठी यादी आहे, तीतही मिरची नाही. गोव्याला पोर्तुगीज येऊन ऐंशी वर्षे झाली होती, तरी बादशाही मुदपाकखान्यात तिला प्रवेश नव्हता. याचा अर्थ ती किनाऱ्याकिनाऱ्याने आणि परसापरसातून पसरली, दरबाराच्या दाराने आली नाही. मुंबईकडे जुन्या काळी तिला 'गोवाई मिरची' म्हणत. कर्नाटकात पुरंदरदासांच्या नावावर मिरचीवरचे एक पद सांगितले जाते, त्यात तिला गरिबांचा आधार म्हणून मान दिला आहे. संताने तिची दखल घेतली, बादशहाने घेतली नाही, असे म्हणायला हरकत नाही.

का पसरली असेल, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. मिरवेल लावायची तर पोफळीचे आगर पाहिजे, बारमाही पाणी पाहिजे, सावली पाहिजे. शिवाय मिरी हे विकायचे पीक. ज्याच्या आगरात ती पिके तोही ती जपूनच वापरणार. आणि मिरची? न्हाणीच्या सांडपाण्यावर दोन रोपे टाकली की वर्षभराची सोय. तिला जमीनदार लागत नाही, व्यापारी लागत नाही. भात, मीठ आणि एक मिरची, किंवा भाकरी आणि ठेचा, एवढ्यावर माणूस दिवसभर राबू शकतो. मिरीने श्रीमंतांचे ताट तिखट केले होते, मिरचीने सगळ्यांचे केले.

आता हंगेरीकडे जाऊ. हंगेरी म्हणजे मध्य युरोपातला चारही बाजूंनी जमिनीने वेढलेला देश. समुद्र नाही, गोव्यासारखे बंदर नाही. मग तिथे मिरची पोचली कशी? तर तुर्कांबरोबर. १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत हंगेरीचा राजा पडला, १५४१ मध्ये तुर्कांनी बुडा घेतले आणि पुढची सुमारे दीडशे वर्षे, १६८६ पर्यंत, ते तिथे होते. १५७० च्या सुमारास एका उमराव घराण्यातल्या स्त्रीच्या बागेत 'तांबडी तुर्की मिरी' होती अशी नोंद आहे. तेव्हा ती शोभेची. पाहुण्यांना दाखवायची, खायची नाही.

आणि इकडे जर्मनीत? १५४२ मध्ये लिओनहार्ट फुक्स या वैद्याने आपल्या मोठ्या वनस्पतिग्रंथात मिरचीचे सुंदर चित्र छापले आणि तिला नाव दिले 'कालिकतची मिरी'! त्याची समजूत अशी की हे रोप हिंदुस्थानातलेच. म्हणजे पाहा, हंगेरीत ती तुर्कांची, जर्मनीत कालिकतची, मुंबईत गोव्याची. प्रत्येकाने तिला ज्याच्याकडून घेतली त्याचे नाव दिले. तिचे खरे माहेर मात्र कोणाच्याच ध्यानात नाही.

हंगेरीतही ती वाढली गरिबांच्याच घरी. मिरी लांबून येणारी, महाग, सरदारांच्या टेबलावरची. धनगर, गुराखी आणि कोळी यांनी परसात पॅप्रिका लावली, वाळवली, कुटली आणि अन्नात घातली. तिथल्या विस्तीर्ण माळरानावर गुरांचे कळप घेऊन फिरणाऱ्या गुराख्यांना 'गुयाश' म्हणतात. ते लोखंडी कढई तिपाईला टांगून कांदा, मांस आणि पुढे पॅप्रिका असे एकत्र शिजवीत. जगभर 'गुलाश' म्हणून मिरवणारा पदार्थ तो हाच. अठराव्या शतकाच्या शेवटी ऑस्ट्रियाच्या सम्राटाने हंगेरीवर जर्मन भाषा लादायचा प्रयत्न केला, तेव्हा उमरावांनाही आपले हंगेरीपण आठवले आणि गुराख्याचे हे कालवण वाड्यात येऊन बसले. पिठले-भाकरीला आपल्याकडे नंतर आलेली प्रतिष्ठा आठवते की नाही?

दान्यूब आणि तिस्सा या तिथल्या दोन मोठ्या नद्या. त्यांच्या काठचे कोळी 'हालासले' नावाचे माशाचे कालवण करतात. नदीचे मासे, कांदा आणि भरपूर पॅप्रिका. रश्शाचा रंग असा लालभडक की फोटो पाहून मला आपल्याकडचे बांगड्याचे तिखलेच वाटले. फरक एवढाच, की आपण तिरफळ आणि कोकम घालतो, त्यांच्याकडे ते नाही. समुद्रकाठचा कोळी आणि समुद्र न पाहिलेला कोळी, दोघांच्याही मडक्यात एकच रंग.

पण एका बाबतीत हंगेरीने वेगळी वाट धरली. आपण मिरचीकडून दोन गोष्टी मागतो, रंग आणि झोंब. त्यासाठी दोन वेगळ्या मिरच्या आणतो. रंगाला ब्याडगी, सुरकुतलेली, गडद, सौम्य. तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी. प्रमाण घरागणिक वेगळे आणि प्रत्येकीला आपलेच बरोबर वाटते! हंगेरीने त्याच मिरचीतून झोंब काढून टाकली. मिरचीचा तिखटपणा असतो तो मुख्यतः आतल्या पांढऱ्या शिरांत. बिया त्यांना चिकटून असतात म्हणून त्याही तिखट लागतात. तिस्सेकाठच्या सेगेद गावात बायका वाळल्या मिरच्या एकेक करून चिरत, शिरा आणि बिया वेगळ्या काढीत आणि मग उरलेला लाल पापुद्रा कुटायला जाई. १८५९ मध्ये सेगेदच्या पाल्फी बंधूंनी शिरा आणि बिया काढून सौम्य पूड करण्याची यांत्रिक पद्धत आणली. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुळातच तिखट नसलेल्या जाती निवडून वाढवण्यात आल्या. कलोचा हे गाव त्यासाठी नावाजलेले.

आज तिथे पॅप्रिकाच्या प्रती ठरलेल्या आहेत. सर्वांत जास्त विकली जाणारी 'एडेशनेमेश', म्हणजे गोड आणि उच्च प्रतीची. 'फेलएडेश' म्हणजे अर्धगोड. 'रोझा' थोडी झोंबणारी आणि 'एरोश' म्हणजे जहाल. आपल्या ब्याडगीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सेगेद आणि कलोचाच्या पॅप्रिकालाही युरोपीय संघाचे तसेच संरक्षण आहे. मेक्सिकोची लेक हावेरी जिल्ह्यातही रहिवासी म्हणून नोंदली गेली आणि दान्यूबकाठीही. कागदोपत्री!

सेगेदचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतेच. आल्बेर्ट सेंट-ड्यॉर्डी हे तिथल्या विद्यापीठातले शास्त्रज्ञ. त्यांनी प्राण्यांच्या ग्रंथींतून एक द्रव्य वेगळे केले होते आणि तेच जीवनसत्त्व क असावे असे त्यांच्या लक्षात आले होते. पण अभ्यासाला पुरेल इतके ते मिळेना. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. एका रात्री जेवणात पत्नीने ताजी पॅप्रिका वाढली. त्यांना ती खायची इच्छा नव्हती. नाही म्हणण्याऐवजी ते ती घेऊन प्रयोगशाळेत गेले आणि मध्यरात्रीपर्यंत त्यांना कळले की हिच्यात जीवनसत्त्व क भरभरून आहे. थोड्याच आठवड्यांत ग्रॅमच्या जागी किलोने द्रव्य हाती आले. १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. (ताटातले टाकायचे नाही, हे आपण मुलांना सांगतो. टाकले नाही तर नोबेलसुद्धा मिळते, हे उदाहरण मी पुढे वर्गात वापरीत असे!) आणि २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल डेव्हिड ज्युलियस यांना विभागून मिळाले, त्यांनी मिरचीतल्या झोंबणाऱ्या द्रव्याचाच उपयोग करून शरीराला उष्णता कशी कळते ते शोधले. मिरची लागली की आपण 'तोंड भाजले' म्हणतो, ते अगदीच खोटे नाही. मज्जातंतूंना खरोखर चटक्याचाच निरोप जातो.

आता स्वयंपाकघरात येऊ. माझा भाचा नोकरीनिमित्त बुडापेस्टला असतो. गेल्या खेपेला त्याने एडेशनेमेशची एक कापडी पिशवी आणली. आम्ही ती पहिल्यांदा नेहमीच्या पद्धतीने आमटीत घातली. रंग असा चढला की डोळे निवावेत, पण जिभेला काही पत्ताच नाही. सूनबाई म्हणाली, 'आई, याला रंग आहे, पण राग नाही.' इतके नेमके वर्णन मला सुचले नसते.

भाच्याने मग फोनवरून रीत सांगितली. 'मावशी, ती फोडणीत टाकायची नाही. कांदा मऊ झाला की भांडे खाली उतरव, मग पॅप्रिका घाल, ढवळ आणि लगेच पाण्याचा हबका मार.' कारण सोपे आहे. पॅप्रिकात साखरेचा अंश बराच, त्यामुळे ती क्षणात करपते आणि कडू होते. आणि तिचा रंग पाण्यात सुटत नाही, चरबीत सुटतो. म्हणून आधी स्निग्धाशी गाठ, मग पाणी. हे ऐकून मला हसू आले. कोल्हापुरी रश्श्याचा कट किंवा मिसळीची तर्री करताना आपणही हेच करतो. तेल तापवून खाली उतरवायचे, मग तिखट घालायचे. जाळ मोठा असताना घातले तर तिखट काळे पडते आणि घर खोकते. हंगेरीतल्या आजीने आणि आपल्या आजीने एकमेकींना कधी पाहिले नाही, पण करपलेल्या तिखटाने दोघींना एकच धडा दिला.

त्या रीतीने आम्ही कोंबडीचे 'पाप्रिकाश' केले. दोन मोठे कांदे अगदी बारीक चिरून तेलात मंद जाळावर मऊ केले. (ते लोक डुकराची चरबी वापरतात, आम्ही गोडेतेल घेतले.) भांडे उतरवून दोन मोठे चमचे पॅप्रिका, लगेच अर्धी वाटी पाणी, मग कोंबडी आणि मीठ. झाकण ठेवून शिजवले. शेवटी ते आंबट साय पिठात कालवून घालतात. आपल्याकडे चक्का आणि घरची साय समभाग घेऊन चमचाभर मैद्याबरोबर फेटले तर छान जमते. नुसते दही घातले तर फुटते. ना आले, ना लसूण, ना खोबरे, ना गरम मसाला. घरातल्या तरुण मंडळींनी मिटक्या मारल्या. आमच्या ह्यांनी भाताबरोबर दोनदा घेतले आणि मग शांतपणे म्हणाले, 'चांगले आहे. आता जरा लसणीचे तिखट वाढ.'

चव सौम्य, थोडी गोडसर आणि मागे एक खमंगपणा. मिरचीला तिखटाशिवाय स्वतःची चव असते, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळले. आपण झोंबीच्या मागे ती ऐकतच नाही.

आता जरा गंभीर गोष्ट. ज्या वस्तूची किंमत तिच्या रंगावर ठरते, तिच्या रंगातच फसवणूक होते. १९९४ मध्ये हंगेरीत पॅप्रिकाच्या पुडीत शिशाचा शेंदरासारखा लाल रंग मिसळलेला सापडला. लोक आजारी पडले, विक्री थांबवावी लागली. २००४ मध्ये पुन्हा एकदा. बाहेरून आणलेली स्वस्त पूड देशी पॅप्रिकात मिसळली गेली, तिच्यात बुरशीचे विष आढळले आणि सरकारने काही दिवस विक्रीच बंद केली. ज्या देशाची ओळख पॅप्रिका, त्या देशात दुकानाच्या फळीवर पॅप्रिका नाही! आपणही फार वेगळे नाही. २००३ मध्ये फ्रान्समध्ये भारतातून गेलेल्या मिरचीपुडीत सुदान नावाचा कारखान्यात वापरायचा रंग सापडला. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये तशाच रंगाची मिरचीपूड घातलेल्या सॉसमुळे शेकडो तयार पदार्थ बाजारातून परत घ्यावे लागले.

हे वाचताना मला कांडप आठवते. आमच्या लहानपणी चैत्र-वैशाखात आगोटीची बेगमी सुरू होई. आमची पाली तिठ्यावरची. एक वाट रत्नागिरीकडून येते, एक दक्षिणेला गोव्याकडे जाते आणि एक नाणीज-साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरला. सुकी मिरची घाटावरून येई. मूळची ती समुद्रातून आली, पण पावसाळी कोकणात तिला वाळवणार कुठे? म्हणून वरच्या कोरड्या मुलखात मोठी झाली आणि घाट उतरून माहेरपणाला आल्यासारखी आमच्या अंगणात पसरली. आठवडाभर उन्हात ती खडखडीत करायची. मग देठ खुडायचे, ते काम मुलींचे. बोटांची आग रात्रभर जात नसे, खोबरेल लावून फुंकर घालीत झोपायचे. मग भाजणे, मग उखळ. दोघी समोरासमोर उभ्या राहून मुसळ चालवीत. तोंडाला पदर, डोळ्यांतून पाणी, शिंकांवर शिंका आणि तरीही ओव्या चालू. पुढे गिरण आली आणि ते सुटले, फार बरे झाले. त्या कष्टांचे गोडवे गाणारी मी नव्हे.

सेगेदच्या बायकाही अशाच. सप्टेंबरात मिरच्या तोडायच्या, सुया घेऊन लांब माळा ओवायच्या, घराच्या पाखाडीला टांगायच्या. टांगलेल्या शेंगांत काही आठवडे रंग आणखी चढत जातो. मग चिरणे, शिरा काढणे, पायाने दाबायच्या लाकडी कांडपावर कुटणे. त्यांचीही बोटे जळत असणारच. इतिहासात पाल्फी बंधूंची नावे राहिली, त्यांच्या आधी वर्षानुवर्षे हाताने शिरा काढणाऱ्या एकीचेही नाव नाही. मानसोल्लास राजाच्या नावावर आहे, ऐन-ए-अकबरी बादशहाच्या. मिरची मात्र कोणाच्याच नावावर नाही, कारण तिला 'आपली' करणाऱ्या सगळ्या अशाच बिननावाच्या.

म्हणून 'हे मूळचे आपले की परके' या वादात मला फारसा रस वाटत नाही. उपवासाचे ताट आठवा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा, बटाटा तिथलाच, शेंगदाणा तिथलाच आणि हिरवी मिरची मेक्सिकोकडची. इतके सोवळे खाणे, आणि त्यातले बहुतेक जिन्नस पोर्तुगीजांच्या काळात आलेले! आमच्या रत्नागिरीचा काजूसुद्धा ब्राझीलचा. मूळ शोधत गेले तर आपल्या पानात मीठ, भात, नारळ आणि कोकम उरेल. त्यावर भागेलही, पण ते जेवण माझ्या आईचे नसेल.

भाच्याची मुलगी तिकडेच जन्मली. मराठी बोलते, थोडी अडखळत, आणि वरण-भातावर पॅप्रिका भुरभुरून खाते. नातेवाइकांत यावरून हळहळ चालते, तीही मी ऐकली आहे. मला विचाराल तर तिच्या भातावर जे पडते ते पिंपळीचेच नाव घेऊन फिरून आलेले तिखट आहे. तिने ते आवडीने खावे. पुढे कधीतरी तिला संकेश्वरीचीही ओळख होईल. घाई नाही.

पॅप्रिकाचे कौतुक कशाला, याचे माझे उत्तर असे. कौतुक त्या पुडीचे नाही. ज्यांना मिरी परवडत नव्हती त्यांनी जगाच्या दोन टोकांना, एकमेकांना न सांगता, एका अनोळखी शेंगेची उस्तवार केली, तिची नवी जात घडवली, तिला तापल्या तेलापासून जपायला शिकले आणि ते शहाणपण लेकी-सुनांना दिले. तिखटाला देश असलाच तर तो या कामाने मिळतो.

आता तुमच्या घरचे सांगा. ब्याडगी आणि संकेश्वरीचे तुमच्याकडे काय प्रमाण, आणि ते कोणाकडून आले, आईकडून की सासूबाईंकडून? प्रमाण लिहून ठेवलेले नसेल तर आज ठेवा. ज्यांना विचारायचे ती माणसे घरात आहेत तोवर विचारून घ्या. वाटीचे माप असेल तर तेही लिहा, कारण प्रत्येक घरची वाटी वेगळी असते.